हातांच्या कामाला अर्थ कसा येतो: मसाज थेरपीत नव्याने येणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

मसाज थेरपीच्या अभ्यासक्रमात स्नायूंची नावे, हातांच्या हालचाली, तेलाचे प्रमाण आणि टेबलाची मांडणी या सगळ्या गोष्टी शिकवल्या जातात. मात्र हे काम वर्षानुवर्षे कशासाठी करायचे, हा प्रश्न बहुधा प्रत्येकाला एकट्यानेच सोडवावा लागतो. सुरुवातीचे काही महिने नावीन्यावर निघून जातात. त्यानंतर तेच आखडलेले खांदे, तीच धरलेली कंबर आणि तीच अवघडलेली मान रोज समोर येऊ लागते, संध्याकाळी स्वतःचे अंगठे ठणकू लागतात, आणि आपण कोणाला तरी तासाभराचा आराम विकत आहोत की त्याहून काही अधिक करत आहोत, अशी शंका मनात घर करते. ही शंका आली म्हणून आपण चुकीच्या व्यवसायात आलो, असे समजू नये. ज्याला ती येते तो आपल्या कामाकडे गंभीरपणे पाहू लागला आहे, असे माझे मत आहे.

पुढे दिलेल्या पायऱ्यांमागे एकच धारणा आहे. आपल्या हातांनी काय साधते आणि काय साधत नाही, हे जितके नेमके कळत जाते तितका या कामाचा अर्थ खोल होतो. मोठे दावे करणाऱ्या थेरपिस्टचा उत्साह लवकर ओसरतो, कारण ते दावे पुरे होत नाहीत. समोरच्या माणसाच्या एका दुखऱ्या खांद्याकडे पूर्ण लक्ष देणाऱ्याला मात्र रोज काहीतरी हाती लागते.

पहिली पायरी: आपण का आलो, हे लिहून काढा

अमेरिकी संशोधक एमी रेझनेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे मांडले की, माणसे आपल्या कामाकडे तीन प्रकारे पाहतात: केवळ उत्पन्नाचे साधन म्हणून, वर चढत जाण्याची कारकीर्द म्हणून, किंवा स्वतःच मोलाचे असलेले जीवितकार्य म्हणून. त्या अभ्यासातील लक्षणीय बाब अशी की, जवळजवळ सारखेच काम करणाऱ्या कार्यालयीन सहायकांमध्येही हे तिन्ही दृष्टिकोन आढळले. म्हणजे जीवितकार्याची भावना हुद्द्यावर अवलंबून नव्हती. नवोदित थेरपिस्टसाठी ही दिलासा देणारी गोष्ट आहे, कारण अर्थपूर्ण कामासाठी प्रसिद्ध केंद्रात किंवा मोठ्या रुग्णालयातच असले पाहिजे, ही समजूत त्यामुळे गळून पडते.

एक कागद घ्या आणि तीन गोष्टी लिहा. दुसऱ्याचे कोणते दुखणे पाहून तुम्हाला स्वस्थ बसवत नाही, कामातल्या कोणत्या क्षणी वेळेचे भान राहत नाही, आणि कितीही मोबदला मिळाला तरी कोणते काम करणार नाही. उत्तरे शक्य तितकी नेमकी असावीत. ‘लोकांना बरे करायचे आहे’ या वाक्यावर कोणताही निर्णय घेता येत नाही. ‘रात्रपाळीत उभ्याने काम करणाऱ्या परिचारिकांच्या पाठीला आणि पायांना आराम मिळवून द्यायचा आहे’ या वाक्यावरून मात्र काय शिकायचे, कोणत्या वेळी काम करायचे आणि कोणाशी बोलायचे, हे ठरवता येते. पैशाची गरज हे कारण असेल तर तेही संकोच न करता लिहावे. उत्पन्नाची निकड आणि कामावरील निष्ठा एकाच माणसात सुखाने नांदू शकतात.

दुसरी पायरी: स्पर्शाने खरोखर काय घडते, ते शिका

आपल्या कामाविषयी आदर वाटण्यासाठी त्यामागचे शास्त्र समजणे आवश्यक आहे. त्वचेत दाब, कंपन, ताण आणि तापमान ओळखणारी वेगवेगळी ग्राहके असतात. तापमान आणि स्पर्श शरीराला कसे जाणवतात, याच्या मुळाशी असलेले रेणू शोधल्याबद्दल डेव्हिड जुलियस आणि आर्डेम पाटापूटियन यांना 2021 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या स्पर्शावर आपला सारा व्यवसाय उभा आहे, त्याचे रेण्वीय गूढ इतक्या अलीकडे उलगडू लागले, याचा नवोदिताला विस्मय वाटावा.

आपल्या दृष्टीने त्याहून जवळचा विषय म्हणजे केसाळ त्वचेतील, म्हणजे पाठ, दंड, पाय यांवरील त्वचेतील, सी-टॅक्टाइल नावाचे बारीक आणि मंदगती मज्जातंतू. सेकंदाला साधारण 1 ते 10 सेंटिमीटर या वेगाने हळुवार फिरणाऱ्या हाताला ते सर्वाधिक प्रतिसाद देतात. हात याहून फार वेगाने फिरला किंवा जवळजवळ थांबला तर त्यांचा प्रतिसाद कमी होतो. स्पर्शाचे जाड तंतू आजारामुळे गमावलेल्या एका रुग्ण स्त्रीला अशा मंद स्पर्शाने अस्पष्ट पण सुखद संवेदना होत असल्याचे 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. कुठे स्पर्श झाला हे कळणे आणि स्पर्श आपुलकीचा वाटणे यांसाठी शरीराने काही प्रमाणात वेगळे मार्ग ठेवले आहेत, असा याचा अर्थ होतो. गुरू ‘सावकाश, आणखी सावकाश’ असे सांगतात तेव्हा त्यामागे केवळ परंपरा नसून मज्जासंस्थेची रचनाही आहे.

त्याचबरोबर जे खरे नाही ते सोडून द्यायला शिकावे लागते. मसाजमुळे शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर पडतात, असे सर्रास सांगितले जाते. वास्तविक ते काम यकृत आणि मूत्रपिंडे अहोरात्र करत असतात आणि त्यांना आपल्या हातांची मदत होते असे दिसलेले नाही. व्यायामानंतर साठलेले लॅक्टिक आम्ल मसाजने निघून जाते, हेही असेच. ते आम्ल विश्रांती घेतली तरी साधारण तासाभरात पूर्वपदावर येते, आणि दुसऱ्या दिवशी जाणवणारी स्नायूंची दुखरी अवस्था त्यामुळे निर्माण होत नाही. पाठीतील ‘गाठ फोडली’ हा शब्दप्रयोगही जपून वापरावा. हाताला जाणवणारा कडकपणा बऱ्याच वेळा मज्जासंस्थेने स्नायूंत राखलेल्या ताणाचा असतो, आणि तो जोर लावून फोडण्यापेक्षा सुरक्षितपणाची जाणीव देऊन सैल होऊ द्यावा लागतो.

मग उरते काय? बरेच काही उरते. वेदना काही काळ कमी होणे, चिंता उतरणे, झोप लागायला मदत होणे, हालचाल मोकळी वाटणे, आणि आपले शरीर हे केवळ त्रासाचे ठिकाण नाही याचा अनुभव येणे. कंबरदुखीसारख्या तक्रारींत मसाजचा लाभ मुख्यतः अल्पकाळ टिकणारा आढळतो, हे क्लायंटला सांगताना कमीपणा मानू नये. महिनाभर वेदनेत असलेल्या माणसाला दोन दिवस नीट झोप मिळाली, तर त्या दोन दिवसांत तो चालायला लागतो, डॉक्टरांकडे जाण्याचे बळ गोळा करतो, घरच्यांशी धड बोलतो. अल्पकाळ टिकणाऱ्या आरामाचे मोल वेदना भोगणाऱ्याला विचारावे.

तिसरी पायरी: टेबलाआधीच्या दहा मिनिटांना पूर्ण मान द्या

नव्याने आलेले थेरपिस्ट सुरुवातीचे संभाषण उरकून लवकर टेबलाकडे वळतात, कारण हात चालवले म्हणजेच काम सुरू झाले, असे त्यांना वाटते. माझ्या मते कामाचा निम्मा अर्थ याच दहा मिनिटांत असतो. कुठे दुखते, कधीपासून, कशाने वाढते, कशाने कमी होते, कोणती औषधे सुरू आहेत, अलीकडे शस्त्रक्रिया किंवा दुखापत झाली आहे का, यापूर्वी मसाजचा अनुभव कसा होता, हे सारे शांतपणे विचारावे आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नये. अनेकांना आपले दुखणे सलग सांगायला मिळालेले नसते. तुम्ही ऐकून घेत आहात, हे कळल्यावरच त्यांचे खांदे थोडे खाली उतरतात, आणि हे तेल लावण्यापूर्वीच घडते.

हेच संभाषण सुरक्षिततेचेही आहे. ताप, संसर्गजन्य त्वचारोग, उघडी जखम किंवा ताजी सूज असेल तर मसाज पुढे ढकलावा किंवा तो भाग वगळावा. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल, विशेषतः लांबचा प्रवास, शस्त्रक्रिया किंवा दीर्घ आजारपण नुकतेच झाले असेल, तर खोल शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते. तेथे हात न लावता त्या व्यक्तीला तातडीने डॉक्टरांकडे पाठवावे, कारण गुठळी सुटून फुप्फुसात गेल्यास जिवाला धोका होतो. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांवर खोल दाब देऊ नये. मानेच्या पुढच्या बाजूला मोठ्या रक्तवाहिन्या असल्याने तिथे दाब टाळावा. कंबरदुखीसोबत मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा असेल किंवा लघवी-शौचावरील ताबा सुटत असेल, तर ती वैद्यकीय आणीबाणी असते. आज मसाज न करता एखाद्याला योग्य वेळी डॉक्टरांकडे पाठवणे ही त्या दिवसाची सर्वांत मोठी सेवा ठरू शकते, आणि अशा दिवशी आपण काहीच केले नाही असे वाटून घेऊ नये.

यानंतर संमतीचा भाग येतो. कोणत्या भागांवर काम करणार, कोणते कपडे काढायचे आणि कोणते ठेवले तरी चालतील, चादर कशी असेल, दाब नको वाटल्यास काय म्हणायचे, हे सगळे आधीच स्पष्ट शब्दांत सांगावे. संमती एकदा घेतली की ती तासभर टिकते, असे मानू नये. पोट, छाती, मांडीचा आतला भाग किंवा कमरेखालचा भाग यांच्याजवळ जाण्यापूर्वी पुन्हा विचारावे, आणि उत्तर देताना आवाज जरा जरी कचरला तरी ते नकार समजून पुढे जाऊ नये. ज्यांच्या शरीराशी पूर्वी कोणी सक्तीने वागलेले असते त्यांच्यासाठी ‘नको’ म्हटल्यावर हात खरोखर थांबतो, हा अनुभवच उपचारासारखा असतो. असा माणूस कोणता, हे आपल्याला बाहेरून कळत नाही. म्हणून प्रत्येकाशी याच काळजीने वागायचे.

चौथी पायरी: पहिला स्पर्श आणि लक्ष

हात ठेवल्यावर लगेच चोळायला सुरुवात करू नये. दोन्ही तळवे पाठीवर चादरीवरूनच काही श्वास स्थिर ठेवावेत, समोरच्याच्या श्वासाची गती जाणून घ्यावी, आणि मग तेल घ्यावे. खोल दाब देताना बंद दारावर हलकेच टकटक करून उत्तराची वाट पाहावी, तसे थांबत थांबत आत जावे. स्नायूने जागा दिली तरच पुढे सरकावे. श्वास अडकणे, पायाची बोटे आक्रसणे, कपाळावर आठ्या उमटणे ही दाब जास्त होत असल्याची चिन्हे आहेत, आणि तोंडाने ‘चालेल’ म्हणणारा माणूसही ती लपवू शकत नाही.

लक्ष भरकटणे स्वाभाविक आहे. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक सत्राआधी एक छोटा प्रश्न मनाशी ठरवावा: आज उजवा आणि डावा खांदा यांत कोणता फरक हाताला लागतो? गेल्या वेळेपेक्षा मानेची उष्णता, ताण, हालचाल कशी आहे? असा प्रश्न मनात असला की शंभरावी पाठही पहिल्या पाठीसारखी वेगळी निघते. कामातील तोचतोचपणाचा कंटाळा बव्हंशी निरीक्षण थांबल्यामुळे येतो, असा माझा अनुभव आहे. बोलणाऱ्याशी बोलावे, पण शांतता हवी असलेल्याला ती द्यावी. आपल्या घरच्या अडचणी टेबलावरील माणसाला ऐकवू नयेत, कारण तो तास त्याचा असतो. मसाज चालू असताना कोणाला अचानक रडू आले तर घाबरू नये आणि त्याचा अर्थही लावत बसू नये. हात स्थिर ठेवावा, थांबायचे आहे का असे विचारावे, आणि त्याने सांगितले तेवढेच ऐकावे.

पाचवी पायरी: प्रत्येक सत्राची नोंद ठेवा

ही पायरी रूक्ष वाटते म्हणून बहुतेक जण ती वगळतात. अमेरिकी वैद्य लॉरेन्स वीड यांनी 1960 च्या दशकात रुग्णनोंदींची जी पद्धत रूढ केली, तिच्यातील चार भागांची मांडणी मसाज थेरपीतही वापरली जाते: क्लायंटने काय सांगितले, आपल्याला काय आढळले, त्यावरून आपण कोणते अनुमान काढले, आणि पुढे काय करणार. चार-पाच ओळी पुरतात. अनुमान लिहिताना रोगाचे निदान करण्याचा मोह टाळावा, कारण तो आपला अधिकार नाही. ‘उजव्या खांद्याची हालचाल डाव्यापेक्षा कमी’ इथे आपले काम थांबते. नोंदी सुरक्षित ठेवाव्यात आणि त्यांतील मजकूर बाहेर कोठेही बोलू नये, नाव न घेताही बोलू नये.

अर्थाच्या शोधात या नोंदींचे महत्त्व असे की, आपल्या कामाचा परिणाम डोळ्यांना लगेच दिसत नाही. मान किती अंशांपर्यंत वळते, वेदना शून्य ते दहा यांपैकी किती, रात्री किती वेळा जाग येते, असे साधे मोजमाप प्रत्येक वेळी लिहिले, तर काही आठवड्यांनी खरोखर फरक पडला की नाही हे प्रामाणिकपणे कळते. फरक पडला नसेल तर पद्धत बदलावी किंवा त्या व्यक्तीला फिजिओथेरपिस्टकडे अथवा डॉक्टरांकडे जाण्याचा सल्ला द्यावा. ‘बरे वाटले’ या कौतुकावर वर्षानुवर्षे काढता येतात, परंतु त्यातून स्वतःच्या कौशल्यावरचा पक्का विश्वास तयार होत नाही.

सहावी पायरी: कोणासाठी काम करायचे, ते ठरवा

पहिली काही वर्षे सर्व प्रकारच्या लोकांवर काम करावे, कारण हातांना वैविध्याची गरज असते. पण त्या काळात स्वतःकडे लक्ष ठेवावे की, कोणते सत्र संपल्यावर थकवा येऊनही मन भरलेले असते. पहिल्या पायरीवरचा कागद इथे पुन्हा काढावा.

काहींना खेळाडूंसोबतचे काम आवडते: वेगवान, ध्येय ठरलेले, परिणाम चटकन सांगणारे. काहींना वृद्धांसोबतचे. एकटे राहणाऱ्या वृद्धांना अनेक दिवस कोणाचाही प्रेमळ स्पर्श होत नाही, आणि हात-पाय-खांद्यांवरील हलक्या मसाजची अर्ध्या तासाची भेट त्यांच्या आठवड्याचा आधार बनू शकते. त्यांची त्वचा पातळ असते, हाडे ठिसूळ असू शकतात, आणि पालथे झोपणे अनेकांना जमत नाही. म्हणून खुर्चीत बसवून किंवा कुशीवर झोपवून काम करणे शिकून घ्यावे लागते. गुडघ्याच्या संधिवातात आठवड्यातून एकदा तासभराच्या मसाजचा उपयोग होत असल्याचे काही नियंत्रित अभ्यासांत दिसले आहे, ही गोष्ट या गटासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

कर्करोगाच्या रुग्णांसोबत काम करण्याची इच्छा अनेकांना असते आणि भीतीही असते. मसाजमुळे कर्करोग शरीरात पसरतो, या जुन्या समजुतीला पुराव्याचा आधार मिळालेला नाही. तथापि गाठीच्या जागेवर, किरणोपचार झालेल्या त्वचेवर आणि नलिका बसवलेल्या भागावर दाब द्यायचा नसतो, प्लेटलेट कमी असताना अत्यंत हलका हात ठेवावा लागतो, आणि लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) काढलेल्या बाजूच्या हाताला सूज येण्याचा धोका असतो. त्यामुळे स्वतंत्र प्रशिक्षण आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांची अनुमती यांशिवाय या क्षेत्रात उतरू नये.

या संदर्भात 2008 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. वाढलेल्या कर्करोगाच्या वेदना असलेल्या 380 रुग्णांपैकी काहींना मसाज देण्यात आला आणि काहींच्या अंगावर केवळ स्थिर हात ठेवण्यात आले. मसाजनंतर लगेच वेदना आणि मनःस्थिती यांत अधिक सुधारणा दिसली, परंतु काळाच्या ओघात दोन्ही गटांत टिकाऊ फरक राहिला नाही. कोणी याला मसाजचे अपयश म्हणेल. मला यात दोन गोष्टी दिसतात: आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यावर ‘लगेच मिळालेला आराम’ हाच पुष्कळदा सर्वांत मोठा आराम असतो, आणि काहीही कौशल्य न दाखवता शांतपणे ठेवलेला हातसुद्धा रुग्णाला काहीतरी देऊन जातो. परिहारक सेवेत, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास हलका करणाऱ्या सेवेत, जाऊ इच्छिणाऱ्याने या दोन्ही गोष्टी मनात पक्क्या कराव्यात, म्हणजे आपण मृत्यू रोखू शकत नाही या जाणिवेने त्याचे हात जड होणार नाहीत.

अकाली जन्मलेल्या बालकांचे क्षेत्र याहून वेगळे आहे. टिफनी फील्ड आणि सहकाऱ्यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दहा दिवस दिवसातून तीन वेळा प्रत्येकी पंधरा मिनिटे स्पर्श आणि हातापायांची हालचाल दिलेल्या बालकांचे वजन इतर बालकांपेक्षा दररोज सरासरी 47 टक्के अधिक वाढले. पुढे 1992 मध्ये मायामी विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत स्पर्शाच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था सुरू झाली. या क्षेत्रात थेरपिस्टचे मुख्य काम स्वतः मसाज करण्यापेक्षा आई-वडिलांना तो शिकवण्याचे असते. आपले कौशल्य दुसऱ्याच्या हातांत सोपवून मागे सरकणे ज्यांना जमते, त्यांना इथे मोठे समाधान मिळते.

आणखी एक क्षेत्र म्हणजे हे कौशल्य अशा लोकांपर्यंत नेणे, ज्यांना इतर व्यवसायांची दारे बंद असतात. सतराव्या शतकातील जपानमध्ये सुगियामा वाइची या दृष्टिहीन वैद्याने दृष्टिहीनांना सुया टोचण्याची आणि मसाजची विद्या शिकवण्यासाठी शाळा उभारल्या, आणि त्यातून पिढ्यान्‌पिढ्या दृष्टिहीन व्यक्तींना सन्मानाचे काम मिळत राहिले. पुरेसा अनुभव मिळाल्यावर शिकवण्याकडे वळणाऱ्याने हे उदाहरण जरूर अभ्यासावे.

सातवी पायरी: स्वतःचे शरीर आणि मन राखा

अनेक थेरपिस्ट हा व्यवसाय इच्छा संपल्यामुळे सोडत नाहीत. अंगठे, मनगटे आणि कंबर साथ देईनाशी होतात म्हणून सोडतात. टेबलाची उंची स्वतःच्या उंचीप्रमाणे बसवावी. सरळ उभे राहून हात खाली सोडल्यावर बोटांचे सांधे टेबलाला साधारण टेकतील, ही सुरुवातीची उंची मानून पुढे कामाप्रमाणे कमी-जास्त करावी. जोर हातांतून न लावता मागच्या पायातून आणि शरीराच्या वजनातून यावा, पाठ सरळ आणि गुडघे किंचित वाकलेले असावेत, आणि मनगट, कोपर, खांदा शक्य तितके एका रेषेत राहावेत. खोल दाबासाठी अंगठ्याऐवजी मनगट ते कोपर यांमधला हाताचा भाग किंवा कोपर वापरण्याची सवय पहिल्याच वर्षी लावून घ्यावी, कारण अंगठ्याचा सांधा इतका भार वर्षानुवर्षे पेलण्यासाठी बनलेला नाही. नवख्याने दिवसाला चारपेक्षा अधिक तासाभराची सत्रे घेऊ नयेत आणि दोन सत्रांमध्ये बसून घेण्याइतका वेळ ठेवावा, असे मी सुचवेन.

मनाचा थकवा अधिक फसवा असतो. सतत वेदना ऐकणाऱ्या माणसाची सहानुभूती हळूहळू बोथट होते, आणि ते त्याच्या स्वतःच्या लक्षात यायला वेळ लागतो. पुढच्या क्लायंटचे नाव वाचून कंटाळा येणे, ऐकताना मनातल्या मनात घाई होणे, घरी कोणी जवळ आलेले नकोसे वाटणे, ही त्याची सुरुवातीची लक्षणे होत. अशा वेळी सत्रे कमी करावीत, एखाद्या अनुभवी सहकाऱ्याशी ठरलेल्या दिवशी नियमितपणे बोलावे, आणि स्वतः मसाज घ्यावा. शेवटची सूचना अनेकांना गौण वाटते, परंतु टेबलावर पडून दाब अनुभवणे हा थेरपिस्टचा सर्वांत चांगला अभ्यास आहे.

आठवी पायरी: व्यवसायाची मर्यादा आणि प्रतिष्ठा सांभाळा

या व्यवसायावर संशयाचे सावट फार जुने आहे. लंडनमध्ये 1894 च्या सुमारास मसाजच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांवर वैद्यकीय नियतकालिकाने झोड उठवली, तेव्हा हे काम प्रामाणिकपणे करणाऱ्या चार परिचारिकांनी त्याच वर्षी प्रशिक्षित मसाज करणाऱ्या स्त्रियांची संघटना स्थापन केली आणि स्वतःवर कडक नियम घालून घेतले. वैद्याच्या सांगण्याशिवाय मसाज करायचा नाही, हा त्यांतील एक. आज चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी म्हणून ओळखली जाणारी ब्रिटनमधील व्यावसायिक संस्था त्याच संघटनेतून घडली. बदनामीला उत्तर म्हणून त्या चौघींनी परीक्षा, नियम आणि शिस्त उभी केली, आणि त्यातून एक संपूर्ण आरोग्यसेवा विकसित झाली.

नवोदिताने यातून व्यवहारातील काही गोष्टी उचलाव्यात. जिथे काम कराल तिथल्या कायद्यानुसार आवश्यक असलेले प्रशिक्षण आणि परवाना घेतल्याशिवाय काम सुरू करू नये. अश्लील सूचना किंवा मागणी झाल्यास एका वाक्यात सत्र संपल्याचे सांगून खोलीबाहेर पडावे; त्यासाठी लागणारे शब्द आधीच ठरवून मोठ्याने म्हणून पाहावेत, कारण ऐन वेळी ते सुचत नाहीत. ज्या मालकाला असा नकार मान्य नाही त्याच्याकडे राहू नये. उलट बाजूने, आपल्याकडून क्लायंटशी मैत्री, उसनवारी किंवा प्रेमसंबंध यांची सरमिसळ होऊ देऊ नये. टेबलावर पडलेला माणूस आणि उभा असलेला थेरपिस्ट यांच्यात सत्तेचा असमतोल असतोच, आणि तो ओळखून वागण्याची जबाबदारी उभे असलेल्याची आहे. आहार, औषधे, मानसोपचार यांविषयी प्रशिक्षण नसताना सल्ला देऊ नये.

नववी पायरी: वर्षाच्या शेवटी नोंदी उघडा

वर्ष पूर्ण झाल्यावर एक दिवस मोकळा ठेवून सगळ्या नोंदी सलग वाचाव्यात. कोणत्या तक्रारींत मोजमापाने फरक दिसला, कोणत्या लोकांसाठी तुम्ही अधिक काळजीने लिहिले, कोणत्या भागाविषयी तुमचे ज्ञान अपुरे पडले, आणि कोणाला वेळेवर दुसरीकडे पाठवले, हे वेगळे काढावे. त्यावरून पुढच्या वर्षासाठी एकच अभ्यासविषय निवडावा: लसिकेच्या सुजेसाठीचा हलका मसाज, गर्भवतींसाठी कुशीवर झोपवून करायचे काम, खुर्चीवरील मसाज, किंवा शरीररचनेचाच पुन्हा एकदा सखोल अभ्यास. आठवड्यातील एखादे सत्र अशा कोणासाठी राखून ठेवता येईल का, ज्याला ते परवडत नाही, याचाही विचार याच दिवशी करावा. मात्र स्वतःचे उत्पन्न स्थिर झाल्यावर आणि संख्या आधीच ठरवून, म्हणजे ती सेवा मध्येच थांबवावी लागणार नाही. शेवटी पहिल्या पायरीवर लिहिलेल्या तिन्ही गोष्टी नव्याने लिहाव्यात आणि त्या कागदावर तारीख घालून तो त्याच वहीत ठेवावा.